पिट्यूटरीची गाठ नाकातून काढणाऱ्या सर्जनला 'किती केल्यात?' विचारावं का?

मृण्मयी
वहिनीच्या पिट्यूटरीत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हॉर्मोन-ग्रंथीत, मोठी गाठ आहे, दृष्टीच्या नसेवर दाब येतोय. नाकातून दुर्बिणीने काढायची ठरलं आहे. मी सर्जनना सरळ विचारलं, "अशा किती केल्यात?" घरचे चिडलेत, म्हणे डॉक्टरांचा अपमान केलास. मला तसं वाटत नाही. इथे हात सरावलेला असणं हीच रुग्णाची सुरक्षा, आणि हा आकडा त्याला कळलाच पाहिजे.

शेखर
बरोबर विचारलंत. १९९७ साली अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांची पाहणी प्रसिद्ध झाली. नाकाच्या वाटेने २०० हून कमी, २०० ते ५०० आणि ५०० हून जास्त शस्त्रक्रिया केलेले, असे तीन गट. अनुभव वाढत गेला तशी गुंतागुंत कमी. कारण उघड आहे. पडद्यावरचं चित्र सपाट, खोली जोखायला दुर्बीण मागेपुढे करावी लागते. दोन्ही अंगांना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या. गाठ कुठे संपली आणि निरोगी ग्रंथी कुठे सुरू झाली, हे ओळखणारी नजर पुस्तक वाचून येत नाही.

विदुला
शेखर, ती माहिती सर्जननीच स्वतःबद्दल भरून दिलेली, आणि काळ मुख्यतः मायक्रोस्कोपचा. दुर्बिणीच्या ५० रुग्णांचा गाजलेला अहवाल त्याच वर्षी छापून आला. तेव्हा ते गट इथे जसेच्या तसे लावू नका.
मृण्मयी, नुसता आकडा फसवतो. नाव झालेल्या सर्जनकडे अवघड गाठी जास्त येतात, त्यामुळे त्याचे निकाल कागदावर उलट वाईट दिसू शकतात. गाठ कॅव्हर्नस सायनसमध्ये, म्हणजे ग्रंथीच्या बाजूच्या शिरांच्या पोकळीत, खोल शिरली असेल तर कितीही अनुभवी हाताला ती पूर्ण काढणं कठीण. शिवाय मेंदूभोवतालच्या पाण्याची गळती कमी झाली त्यात २००६ नंतर रूढ झालेल्या, नाकाच्या पडद्याच्या आवरणाने छिद्र झाकण्याच्या पद्धतीचाही वाटा आहे. श्रेय एकट्या सरावाचं नव्हे.

मृण्मयी
पटलं. तरी प्रत्येक सर्जनच्या पहिल्या पन्नासांत कोणीतरी असतंच ना? ते माझ्या घरातलं का असावं?

अभय
हा प्रश्न मलाही छळतो, मी शिकाऊ सर्जन आहे. मी आधी फक्त नाकातली वाट मोकळी करायचो, मग नाकामागचं स्फिनॉइडचं हाड, गाठीपर्यंत हात फार उशिरा गेला. वरिष्ठ सतत शेजारी. ते उभे असताना माझा नवखेपणा रुग्णाला भोवू नये, अशीच ही पद्धत आहे. एकट्याने सुरुवात करणाऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे मी तुमच्या बाजूने.

शेखर
पण अभय, प्रत्यक्ष हात कोणाचा असणार हे रुग्णाला आधी सांगतात का? सांगायलाच हवं.

अभय
हवंच. त्यावर माझा वाद नाही.

विदुला
मृण्मयी, गेल्या काही वर्षांत त्यांच्या किती रुग्णांना गळतीसाठी पुन्हा शस्त्रक्रियेला न्यावं लागलं, ते विचारा. नाक-कान-घशाचे सर्जन दर वेळी तेच असतात का? आणि घरी गेल्यावर, साधारण आठवड्याने रक्तातलं सोडियम कोण तपासणार? ते तेव्हा अचानक घसरू शकतं, आणि तिथे सर्जनचा हात नव्हे, हॉर्मोनतज्ज्ञाची नजर लागते.

मृण्मयी
सोडियमचं आम्हाला कोणीच बोललं नव्हतं. परवा भेट आहे, वहिनी म्हणते या वेळी प्रश्न तीच विचारेल.