दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी पुण्यात सरकारकडे नेमकं काय मागायचं?

धायरीकर

नमस्कार. आमच्या सोसायटीत पोळ्यांना येणाऱ्या ताईंना पावणेदोन वर्षांची मुलगी आहे. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत त्या पाच घरची कामं करतात. तेवढा वेळ धाकटीला थोरली बघते. थोरलीचं नाव तिसरीच्या पटावर आहे, पण शाळेत जाणं होतं आठवड्यातून दोन-तीन दिवस. वस्तीत अंगणवाडी आहे. तिथे धाकटीला ठेवून घेत नाहीत, खाऊची पाकिटं मात्र मिळतात.

सोसायटीच्या बैठकीत मी विषय काढला तेव्हा खेळणी गोळा करू, बिस्किटं देऊ, असं ठरत होतं. लोकांची भावना चांगली आहे, पण मला ते पटत नाही. एवढ्या लहान मुलांसाठी काहीतरी धोरण असणारच. योजना कोणती, अर्ज कोणाकडे करायचा, आणि आमच्यासारख्या वस्तीबाहेरच्यांनी मागणी केली तर ऐकतात का? माहीतगारांनी सांगावं.

निवृत्त मुख्यसेविका

ताई, मी पुण्यातल्या नागरी प्रकल्पात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, होते. पर्वती पायथ्याच्या वस्त्यांमध्ये माझं बरंचसं आयुष्य गेलं. तुम्ही ज्या वयाबद्दल विचारताय त्याच वयाची काळजी मला नोकरीभर होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सेविकेबद्दल. तिने मुलीला ठेवून घेतलं नाही म्हणून तिच्यावर रागावू नका. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या मांडणीतच तीन ते सहा वर्षांचं मूल अंगणवाडीत येऊन बसतं, शिकतं, गरम आहार घेतं. आणि सहा महिने ते तीन वर्षांचं मूल घरी असतं, आईजवळ. या धाकट्यांसाठी घरी न्यायचा आहार, लसीकरण, वजन आणि आईला सल्ला एवढंच ठेवलेलं आहे. आई दिवसभर घरी असते हे गृहीतच पुण्याच्या वस्तीत खोटं ठरतं. एक सेविका, एक मदतनीस, दहा बाय बाराची खोली, त्यात मोठी मुलं, वर पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवरच्या नोंदी आणि गृहभेटी. रांगणारी मुलं तिने कोणाच्या भरवशावर ठेवायची?

आता पाकिटांबद्दल. नियमाप्रमाणे सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज ठरलेल्या कॅलरी आणि प्रथिनं मिळायला हवीत. कागदावर ती मिळतात. पण दीड वर्षाचं मूल एका बैठकीत पोटभर खात नाही. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं, मांडीवर घेऊन भरवावं लागतं. तिसरीतल्या मुलीने ते करावं अशी अपेक्षा आपण ठेवू शकत नाही. शिवाय पाकीट घरात आलं की ते सगळ्या भावंडांचं होतं.

मी वाढीचे शेकडो तक्ते पाहिले. पहिले सहा महिने वजनाची रेघ हिरव्या पट्ट्यात छान वर चढते. आई कामाला लागली की रेघ आडवी होते, पुढे पिवळ्या पट्ट्यात उतरते. आईने सांगायच्या आधी तक्ता सांगायचा की ही आता कामावर जाऊ लागली. ताई, हा आईचा दोष अजिबात नाही. मूल सांभाळायची सोय नाही, हा व्यवस्थेचा दोष आहे.

मनावर घेतलं तर फरक पडतो, हे आपल्याच राज्याने दाखवलंय. २००५ मध्ये कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं आणि सगळा भर दोन वर्षांखालच्या मुलांवर दिला. २००५-०६ मध्ये राज्यातली या वयाची ३९ टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंचीची होती, २०१२ च्या पाहणीत ते प्रमाण साधारण २३ टक्क्यांवर आलं होतं. पुढे ती चिकाटी टिकली असं मला वाटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी निघाली. वयोगट वेगळे आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवू नका. पण चारात एक मूल हडकुळं, हे पुरेसं वाईट आहे.

तुम्ही मागायची गोष्ट म्हणजे पाळणा. केंद्राच्या मिशन शक्तीखाली २०२२ पासून ही योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं घ्यायची, दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, त्यासाठी वेगळी सेविका आणि मदतनीस. खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून. तुमच्या पोळ्यांच्या ताईंची वेळ यात बसते.

अर्ज कोणाकडे, यात बरेच जण अडकतात. अंगणवाडी राज्याच्या महिला व बालविकास विभागाची. लस आणि दवाखाना महापालिकेचा. जागा कधी महापालिकेची, कधी घरमालकाची. एकीकडे गेलात की दुसरीकडे पाठवतात. म्हणून एकच पत्र नागरी प्रकल्पाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला, दोन्हीकडे द्या. दोन्हीकडून पोच घ्या.

आणि वस्तीची लोकसंख्या मोजा. ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी, पुढे दर ८०० ला एक, असा निकष आहे. एकाच अंगणवाडीवर दोन-अडीच हजार लोक असतील तर तुमची मागणी भक्कम होते. जिथे अंगणवाडीच नाही त्या वस्तीसाठी सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६ चा आदेश आहे: सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. वस्त्यांना हा हक्क आहे हे वस्त्यांनाच माहीत नसतं. तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून काही बिघडत नाही, फक्त सह्या आयांच्या हव्यात.

बालरोगवाला

मुख्यसेविका ताईंनी आहाराचं सांगितलं, मी तपासणीचं सांगतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब यांसाठी वैद्यकीय पथक मुलांना तपासतं. दीड महिना ते सहा वर्षांची मुलं हे पथक अंगणवाडीत जाऊन बघतं. याचा अर्थ असा की जे मूल त्या दिवशी अंगणवाडीत नाही ते तपासलं जात नाही. कमी ऐकू येणारी मुलं माझ्याकडे चौथ्या-पाचव्या वर्षी येतात, 'अजून बोलत नाही' म्हणून. दीड वर्षाची असताना लक्षात आलं असतं तर त्यांचं बोलणं वाचलं असतं. पाळणाघर झालं तर ही मुलं रोज एका जागी सापडतील. माझ्या दृष्टीने त्याचा हा सगळ्यात मोठा फायदा.

धायरीकर, त्या ताईंना दोन गोष्टी विचारा. आशाताई गृहभेटीला येतात का? तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात त्यांची भेट ठरलेली असते. आणि लोहाचं औषध मिळतं का? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलि द्यायचं असतं. शहरात भाड्याची खोली बदलली की कुटुंब एका आशाच्या यादीतून निघतं आणि दुसरीच्या यादीत चढत नाही.

एक पुण्याचीच गोष्ट, कारण धोरण म्हटलं की लोकांना फक्त धान्य आठवतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, दूध, फळं किती वेळा खाल्ली याचा बाळाच्या वाढीशी जास्त संबंध दिसला. त्यामुळे बाळासाठीची मागणी लिहिताना वस्तीतल्या गरोदर बायांनाही त्यात घ्या.

साइटवरचा माणूस

मी बांधकामावर इंजिनिअर आहे. सध्या वाघोलीकडे. वस्तीतल्या मुलांचं तरी कुठेतरी नाव असतं, आमच्या लेबर कॅम्पमधल्या मुलांचं कुठेच नसतं.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक होतं. २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या अटीचं प्रत्यक्षात काय व्हायचं, तर काम पाच-सहा ठेकेदारांत वाटलेलं, आणि जोडी कामाला आली तरी मस्टरवर नाव फक्त नवऱ्याचं. बाई डोक्यावर घमेली वाहते आणि कागदावर ती नाहीच. मग ५० चा आकडा भरायचा कसा? बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जमा होतो, तो याच लोकांसाठी. पुण्यात काही साइटवर स्वयंसेवी संस्था बिल्डरच्या मदतीने पाळणाघरं चालवतात, मी एक जवळून पाहिलंय. मुलं आंघोळ करून, जेवून झोपलेली असायची आणि आया निर्धास्त काम करायच्या. अपघातही कमी. कायद्यातली अट कामगारांच्या संख्येऐवजी साइटवर राहणाऱ्या मुलांच्या संख्येवर ठेवली तर पळवाट बंद होईल असं माझं ठाम मत आहे.

कोथरूडचा

सगळं वाचलं. पटतंय. पण सरकारी कागद हलेपर्यंत ही मुलगी पहिलीत जाईल. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सकाळी एक खोली रिकामीच असते. वस्तीतल्याच दोन बायांना पगार देऊन पाळणाघर काढा. आमच्याकडे विचार चालू आहे.

निवृत्त मुख्यसेविका

जरूर काढा, मी यायला तयार आहे. पण एका सोसायटीची खोली दहा-बारा मुलांना पुरते आणि कमिटी बदलली की बंद पडू शकते. तसं झालं की आईचं काम सुटतं, हे मी पाहिलंय. म्हणून सोसायटीची खोली पहिल्या वर्षापुरती समजा आणि अर्ज आजच टाका. तुमच्या पाळणाघरातल्या मुलांची नावं अंगणवाडीच्या नोंदीत राहतील एवढं बघा, म्हणजे आहार, लस, तपासणी तुटणार नाही. कुटुंबाने खोली बदलली तर पोषण ट्रॅकरवर नाव दुसऱ्या अंगणवाडीत हलवता येतं. सेविकेला सांगावं मात्र लागतं.

साइटवरच्या भाऊंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. कॅम्पमधली मुलं जवळच्या अंगणवाडीत घेता येतात. कायमचा पत्ता इथला नाही म्हणून कोणी नाही म्हणालं तर मुख्यसेविकेला भेटा.

धायरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंना विचारलं. आशाताई शेवटच्या कधी आल्या हे त्यांना आठवत नाही, लोहाचं औषध माहीतच नव्हतं. येत्या रविवारी त्यांच्याबरोबर वस्तीत जाऊन यादी करणार आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी छोटी कामं सुचवता येतात, तर अंगणवाडीची खोली, नळ आणि शौचालय त्यात सुचवावं असा विचार आहे. यादीत नेमकं काय काय लिहू?

निवृत्त मुख्यसेविका

अंदाजपत्रकाचं चांगलं सुचलं. क्षेत्रीय कार्यालयात मुदत विचारून घ्या, ती निघून गेली की पुढच्या वर्षावर जातं. शौचालय नक्की लिहा, लहान मुलांच्या मापाचं.

यादीत मुलाचं नाव, जन्मतारीख, लसीचं कार्ड आहे का, आई गरोदर आहे का, आणि आत्ता मुलाला कोण सांभाळतं ते लिहा. सांभाळणारी बहीण असेल तर तिची इयत्तासुद्धा. शेवटचा रकाना आईच्या कामाच्या वेळेचा: किती वाजता घर सोडते आणि किती वाजता परत येते. पाळण्याची वेळ तुम्हाला त्या रकान्यावरून मागायची आहे. रविवारी सकाळी लवकर जाऊ नका, बऱ्याच जणी त्या दिवशीही कामावर असतात. चारनंतर जा.