शाळेत सकाळी मूठभर फुटाणे द्यायचेत, रोजचे 504 रुपये आणायचे कुठून?

टपरीवाला_पेठरोड

नमस्कार मंडळी. नाशिकला पेठ रोडवर माझी चहाची टपरी आहे. पोरगी जवळच्या मनपा शाळेत चौथीला. यंदा शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून मला घेतलंय. "तुम्ही बोलता बरं" म्हणून घेतलं, आता बोलतोय तर सगळे इकडेतिकडे बघतात.

टपरी पहाटे साडेपाचला उघडतो. सहाच्या सुमारास पेठ-सुरगाण्याकडच्या बाया नाक्यावर जमतात, पिकअप येते आणि त्यांना दिंडोरीकडे द्राक्षबागांत घेऊन जाते. आता छाटणी चाललीये, मग डिपिंग (घड औषधात बुडवायचे), विरळणी, काढणी. एप्रिल उजाडेपर्यंत हेच. पोरं तेव्हा घरी झोपलेली असतात. मोठी बहीण असली तर कोरा चहा मिळतो, नसली तर तोही नाही.

परवा परिपाठाला दुसरीतली एक मुलगी उभ्या उभ्या खाली बसली. बाईंनी विचारलं, काय खाल्लंस? म्हणाली, "काल खाल्लं ना." बाईंनी आपल्या डब्यातली पोळी मोडून दिली, पण बाईंचा डबा किती जणांना पुरणार? खिचडीची गाडी येते साडेबाराला.

पहिली ते पाचवी 112 पोरं आहेत. एकाला 30 ग्रॅम फुटाणे, 10 ग्रॅम गूळ. दुकानदाराने फुटाणे 130 आणि गूळ 60 रुपये किलो सांगितला. म्हणजे पोरामागे साडेचार रुपये, दिवसाला 504. शाळेचे 220 दिवस धरले तर वर्षाला 1,10,880. अंडं द्यावं तर नुसत्या अंड्यालाच 7 रुपये, गॅस वेगळा.

वर्गणीला फिरलो. केक, जिलेबी म्हटलं की माणसं लगेच तयार. एक जण तर अख्ख्या शाळेला श्रीखंड-पुरी द्यायला निघाला, फोटोसकट. फुटाणे म्हटलं की "बघू". असं रोजचं काम कुणी चालवलंय का? पैसे कसे उभे केले?

निवृत्त_गुरुजी

भाऊ, आधी समितीचा ठराव घ्या. पैसे समितीच्या खात्यात, हातात एक रुपया घेऊ नका. मी पेठ तालुक्यात 31 वर्षं काढली, चांगल्या माणसावर बालंट यायला एक कोरी पावती पुरते.

आता सरकारी पैशाचं. दुपारच्या खिचडीसाठी 2025 च्या मे महिन्यापासून पहिली ते पाचवीला पोरामागे दिवसाचे 6 रुपये 78 पैसे धरलेत, सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे. तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो. डाळ, भाजी, तेल, इंधन ह्या पैशांत. ह्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. तुमचे फुटाणे ह्यात बसायचे नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं, जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे थांबवले आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. लोकसहभाग म्हणजे तुम्ही.

श्रीखंडवाल्याला परत पाठवू नका. त्याला विचारा, श्रीखंड-पुरीला किती येणार? आठ हजार आले तर त्यात पंधरा दिवसांचे फुटाणे निघतात, वर थोडे उरतात. फलकावर पंधरा दिवस नाव लिहा. माणसाला नाव हवं असतं, त्यात वाईट काय?

सिडकोकर

माफ करा, पण हे सरकारचं काम आहे. तुम्ही वर्गणी काढली की वरचे म्हणणार, चाललंय की! तामिळनाडूने सप्टेंबर 2022 मध्ये मदुराईतून सकाळचा नाश्ता सुरू केला, पुढच्याच वर्षी सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत नेला. राज्याच्या तिजोरीतून. उपमा, पोंगल, खिचडी, गरम. आपल्याकडे द्राक्षं परदेशी जातात आणि ती तोडणाऱ्या बाईची पोरगी परिपाठाला खाली बसते. नगरसेवकाला धरा, मनपाच्या अंदाजपत्रकात ह्याची ओळ टाकायला लावा.

खिचडीवाली_ताई

मी निफाड तालुक्यात झेडपीच्या शाळेत स्वयंपाकी-मदतनीस. 2500 मानधन, तेही दहाच महिने. बोलायला कमी नाही, पण कामाचं सांगते.

आमच्याकडे सोमवारी तांदूळ दीड किलो जास्त लागतो. पट तोच, हजेरी तीच. शनिवारी दुपारनंतर पोरांनी नीट जेवण बघितलेलं नसतं, म्हणून सोमवारी दोनदा, तीनदा घेतात. एक पोरगा तर ताट चाटून परत रांगेत उभा राहतो, आणि मी पहिल्यांदाच आला असं दाखवते. पैसे कमी पडले तर निदान सोमवारची सकाळ सोडू नका.

दुसरं, पहिलीच्या लेकरांना कोरडे फुटाणे नका देऊ. दात पडलेले असतात, ठसका लागतो. त्यांना डाळ्याचं पीठ-गुळाचा लाडू करा.

आणि हो, आठवीनंतर काहीच नाही. नववीतली बहीण धाकट्याला सोडायला येते आणि पातेल्याकडे बघत उभी राहते. काय करू मी?

टपरीवाला_पेठरोड

ताई, तांदळाचं वाचून टपरीवर दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं. एकाने तिथल्या तिथे चार सोमवार घेतले, 2016 रुपये.

गुरुजी, ठराव शनिवारच्या सभेत ठेवतो. श्रीखंडवाल्याला भेटलो, फलकाचं ऐकून तो पंधरा दिवसांवर आला. फोटो मात्र पाहिजेच म्हणतो. मी म्हटलं फुटाण्याच्या पोत्याबरोबर काढू, पोरांचे नको.

सिडकोकर, तुमचंही चूक नाही. अर्ज लिहून द्या, मला ती भाषा येत नाही. सह्या मी गोळा करतो, नाक्यावर सहाला शंभर बाया असतात.

लाडवाचं पहिलीपुरतं बायको बघते म्हणाली. आता अडलंय ते डब्याचं. शाळेत उंदीर फार. कुणाकडे घट्ट झाकणाचा जुना पत्र्याचा डबा पडलाय का, पंधरा-वीस किलो मावेल असा? येऊन घेऊन जाईन.