मदत हवी आहे : ३८१६५४७२९ आणि सातापाशी अडलेली गाडी

नमस्कार मंडळी. इंदूरहून, रामबागेतून लिहिते आहे. सुट्टीला भाचा आलाय, आठवीतला. त्याला ३८१६५४७२९ ही संख्या दाखवली. १ ते ९ अंक एकेकदाच. डावीकडचे दोन अंक घेतले, ३८, तर २ ने भाग जातो. ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, असं करत पूर्ण संख्येला ९ ने. अशी दुसरी संख्या नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं, "मावशी, नाहीच कशावरून?"

दोन दिवस हेच चाललंय. जुन्या लग्नपत्रिकेचे नऊ तुकडे कापून जमिनीवर मांडलेत. तो इंग्रजी आकडे लिहितो, त्याचा सहा फिरला की नऊ होतो, म्हणून सहाखाली रेघ ओढलीय.

कुठवर आलो ते सांगते. पाचव्या जागी ५ च. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंक, बाकी विषम. तिसरा विषम, म्हणून ४ ने भाग जायला चौथा २ किंवा ६. सहावा सम असल्यानं ८ साठी सातवा-आठवा एवढेच बघायचे, आणि सातवा विषम, म्हणून आठवाही २ किंवा ६. पहिल्या तीन अंकांची बेरीज ३ च्या पाढ्यात, पहिल्या सहांचीही, तेव्हा मधल्या तिघांचीही हवी. मग मधे फक्त २५८ किंवा ६५४! इथे भाचा ओरडलाच.

पुढे चाळत गेलं की २५८ च्या दोन आणि ६५४ च्या आठ संख्या उरतात. ९ ची काळजी नाही, सगळ्यांची बेरीज ४५ च. अडतंय ७ ला. दहा भागाकार करून उत्तर येतं, पण बाकीच्या नऊ का गळतात हे मला त्याला दाखवायचंय. ७ ची एखादी सोपी चाळणी आहे का?

प्रतिसाद

ताई, १००१ ला ७ ने भाग जातो. म्हणून सात अंकी संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून वजा-अधिक करा : ३ − ८१६ + ५४७ = −२६६, म्हणजे −(७ × ३८). तुमच्या ६५४ वाल्या आठही संख्यांत दुसरा, चौथा, पाचवा, सहावा अंक तेच आहेत, आणि त्यांचा मिळून वाटा नेमका −२६६ च येतो. तो सोडून द्या. उरतं एवढंच : पहिला + सातवा − तिसऱ्याची तिप्पट. (दहापट यायला हवी, पण १० ला ७ ने भागून बाकी ३.) २५८ वाल्या दोघींत याच उत्तरात ३ मिळवा.

धागाकर्ती

तोंडी झालं हो! ३ + ७ − ३ = ७. बाकी सातांची उत्तरं −२३, ९, −१७, −९, −१, −१९, १३. २५८ च्या −८ आणि १६. एकालाही ७ ने भाग जात नाही. खूप आभार. भाच्यानं आत्ताच शून्याचा दहावा तुकडा कापून शेवटी लावला : ३८१६५४७२९०, आता १० नेही जातो म्हणतोय.