सायटिका : मिस्टरांना ऑपरेशन सांगितलंय, घाई करावी का?

दीपमाळ
नमस्कार. माझे मिस्टर एसटीत चालक आहेत, वय ४३. पाच आठवड्यांपूर्वी गव्हाचं पोतं उचलताना कमरेत उसण भरली. दोन-तीन दिवसांत कंबर जरा मोकळी झाली, पण तेव्हापासून डाव्या कुल्ल्यातून निघालेली चमक मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत उतरते. शिंक आली की डोळ्यांत पाणी येतं. खुर्चीत पाच मिनिटं बसवत नाही, जेवतातसुद्धा उभ्यानेच. रात्री दोन-दोन वाजता उठून अंगणात फेऱ्या मारतात आणि मी दारात बसून राहते.

एमआरआयमध्ये एल५-एस१ला, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या सांध्यात, डिस्क (मणक्यांमधली गादी) सरकून डाव्या नसेवर दाब आलाय असं लिहिलंय. एका सर्जननी रिपोर्ट बघून दोन मिनिटांत सांगितलं, "ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल." आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात पट्टा लावून तीन आठवडे पडून राहा. सासूबाईंना गावाकडचा मणका बसवणारा माणूस हवाय. भाऊ कटिबस्ती कर म्हणतो. रजा संपत आलीय आणि यांना एकच काळजी, परत स्टिअरिंगवर बसता येईल का? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सांगा.

माळरान
ताई, बाकी सगळं नंतर. आधी एवढं सांगा, लघवी नीट होतेय ना? तुंबते किंवा कळत नाही असं काही? शौचावरचा ताबा? दोन्ही मांड्यांच्या मधली जागा, म्हणजे सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग, बधिर आहे का? दोन्ही पाय लुळे पडल्यासारखे वाटतात का? यातलं एकही 'हो' असेल तर धागा बंद करा आणि याच क्षणी न्यूरोसर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा झुपका असतो. तो दाबला गेला तर काही तासांत निर्णय घ्यावा लागतो. माझ्या काकांनी लघवी तुंबल्यावर "उष्णता झालीय" म्हणून दोन दिवस धणे-जिऱ्याचं पाणी पीत काढले. आज चार वर्षांनीही त्यांना नळी लागते.

तसंच ताप, वजन उतरणं, रात्री घाम, पूर्वी टीबी किंवा कॅन्सर यांतलं काही असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा. आपल्याकडे मणक्याचा टीबी कंबरदुखी म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो.

दीपमाळ
नाही दादा, त्यातलं काहीच नाही. लघवी-शौच व्यवस्थित. ताप नाही, वजन तेवढंच. फक्त पावलाच्या बाहेरच्या कडेला मुंग्या येतात.

फिजिओताई
मी १७ वर्षं फिजिओथेरपी करते, रोज असे दोन-तीन रुग्ण बघते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय उपचार ठरवता येत नाहीत, तरी काही गोष्टी सांगते, म्हणजे तुमची भीती थोडी उतरेल.

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कमरेतून आणि माकडहाडाच्या वरच्या भागातून निघणाऱ्या मुळ्या एकत्र येऊन ती बनते. करंगळीपर्यंत जाणारी चमक आणि पावलाची बाहेरची कड, हा एस१ मुळीचा, म्हणजे एल५-एस१ला दाबल्या जाणाऱ्या नसेचा, ठरलेला रस्ता. म्हणजे एमआरआयचं चित्र आणि मिस्टरांची तक्रार जुळते. हे जुळणं फार महत्त्वाचं आहे, कारण नुसत्या चित्रावर जाऊ नये. कंबर कधीही न दुखलेल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र करून पाहिल्या होत्या. विशीतल्या ३० टक्के लोकांत फुगलेली डिस्क होती आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत!

आपल्याकडे सर्रास म्हणतात, "मणक्यात गॅप आलाय." या एका शब्दाने मी माणसं खचलेली पाहिलीत. त्यांना वाटतं मणके सुटे झाले, वाकलो तर निखळतील. खरं तर होतं उलट. दोन मणक्यांमधल्या गादीतलं पाणी कमी होऊन ती बसते, म्हणजे गॅप *कमी* होतो. केस पांढरे व्हावेत तसं वयानुसार ते बहुतेकांचं होतं. कोणीही निखळत नाही.

आता ऑपरेशन. ताकद गेलेली नसेल तर घाई नको. बहुतेकांची सायटिका ६ ते १२ आठवड्यांत बरीच उतरते, कारण बाहेर आलेला डिस्कचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. गंमत वाटेल, पण मोठा, सुटून पडलेला तुकडा पुष्कळदा जास्त लवकर विरतो. नेदरलँड्समध्ये दीड ते तीन महिने तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले होते, एकाला लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबून उपचार. २००७ला निष्कर्ष छापून आले. ऑपरेशनवाल्यांच्या पायाची कळ लवकर गेली, पण वर्षअखेर दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं, हेही खरं. म्हणजे ऑपरेशन वाईट नाही. ते लवकर आराम घेण्याचा एक मार्ग आहे आणि तो निवडायचा हक्क तुमचा आहे. "पाय जाईल" म्हणून घाबरवून मात्र तो निर्णय करून घेऊ नये.

ताकद घरी बघा. भिंतीला हात टेकून एका पायाच्या चवड्यावर टाच उचलायची, दहा वेळा, दोन्ही पायांनी. डाव्याने जमत नसेल किंवा रोज कमी होत असेल तर लगेच सर्जनकडे. मग टाचांवर चालून बघा, अंगठा वर उचलतो का बघा.

तीन आठवडे पडून राहायला माझा स्पष्ट विरोध आहे. १९९९ साली, नेदरलँड्समध्येच, १८३ रुग्णांवर हे तपासलं गेलं. दोन आठवडे पलंगावर काढणाऱ्यांना काहीही जास्त फायदा झाला नाही. कळ असह्य असेल तेव्हा तासभर पडावं, पोटऱ्यांखाली उशा घेऊन. बाकी वेळ थोडं-थोडं चालावं. पट्ट्याचंही तेच, घराबाहेर पडताना धीर म्हणून लावला तर ठीक, दिवसभर नको.

एक गोष्ट करून बघा. पोटावर झोपून पाच मिनिटं कोपरांवर रेलायचं, भुजंगासनाच्या सुरुवातीसारखं. पायातली कळ वर सरकून कमरेत गोळा होऊ लागली तर ती चांगली खूण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ उलट खाली पावलात उतरली तर लगेच थांबा. ही खूण १९५६ साली न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टना योगायोगाने सापडली. एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपून राहिला आणि त्याची पायातली कळ गेली! पुढे झुकायचे प्रकार, सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन हे सध्या बंद.

गारवेल
मी आयुर्वेदाचे उपचार घेतलेत म्हणून लिहिते. आपल्या ग्रंथांत याला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड, त्याच्यासारखी लंगडती चाल होते म्हणून. चरकसंहितेत वातव्याधींत वर्णन आहे. कटिबस्तीने, म्हणजे कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल ठेवतात त्याने, मला स्नायू सैल पडून झोप लागायची. एवढा फायदा मी छातीठोक सांगेन. सरकलेली डिस्क त्याने जागेवर गेली असं मी म्हणणार नाही. पदवीधर वैद्यांकडेच जा. आणि लेबल नसलेली पुडी कोणी दिली तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत जादू होते आणि मग साखर, रक्तदाब, हाडं सगळंच बिघडतं.

उंबरठा
मणका बसवणाऱ्याकडे नका नेऊ, हात जोडून सांगतो. माझ्या भावाला पालथं पाडून कमरेवर पाय दिला. गेला तेव्हा चालत गेला होता, आणला तो रिक्षात आडवा करून.

पारिजात
दुसरी बाजूही मांडते, कारण मी ऑपरेशन केलंय आणि मला त्याचा आनंद आहे. माझं एल४-एल५, म्हणजे त्याच्या वरच्या सांध्याचं होतं. दुखणं सहन होत होतं, पण एक दिवस उजव्या पायातली चप्पल चालता-चालता निसटायला लागली. मला वाटलं चप्पल सैल झाली, नवीन आणली. तीही निसटली. पाऊलच वर उचललं जात नव्हतं! तपासल्यावर डॉक्टरांनी थांबू दिलं नाही. छोट्या छेदातून डिस्कचा तुकडा काढला, दुसऱ्या दिवशी मला चालवलं. पाऊल पूर्ववत व्हायला सात महिने लागले. तेव्हा ताई, दुखतं किती यापेक्षा ताकद किती आहे याकडे जास्त लक्ष ठेवा. आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्याच. ऑपरेशन ठरलंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का ते त्यांना विचारा.

मैलाचा दगड
मी २६ वर्षं जड वाहन चालवलं, दोनदा सायटिका झाली. वहिनी, पहिलं काम, मिस्टरांच्या मागच्या खिशातलं पाकीट काढा. आम्ही आठ-आठ तास एका कुल्ल्याखाली जाड पाकीट घेऊन बसतो, नस तिथूनच जाते. दुसरं, टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खळग्यात. तिसरं, प्रत्येक थांब्यावर खाली उतरून गाडीला एक फेरी. आगारात डॉक्टरांचं पत्र जोडून हलक्या कामासाठी लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून भागत नाही.

नसेच्या दुखण्याची गोळी चालू असेल तर मला घेरी यायची हे सांगून ठेवतो.

फिजिओताई
मैलाचा दगड, फार मोलाचं लिहिलंत. प्रीगॅबॅलिन नावाची ती गोळी सायटिकासाठी सर्रास लिहिली जाते. ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर ती तपासली, २०१७ला निष्कर्ष आले. औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा दुखणं कमी झालं नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. चालकाच्या बाबतीत हे अतिशय गंभीर आहे. ताई, चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना व्यवसाय सांगून कमी करत आणा.

आणि हो, त्यांना जमिनीवर किंवा फळीवर झोपवलं असेल तर गादी द्या. फार कडक अंथरुणाचा उपयोग नाही. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी.

दीपमाळ
सहा आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. जमिनीवरच झोपत होते, तो सल्ला वाचून त्याच रात्री पलंगावर आणलं.

दुसऱ्या सर्जननी अर्धा तास तपासलं. पाय सरळ उचलून, टाचा उचलायला लावून, टाचणीने टोचून. म्हणाले ताकद शाबूत आहे, थांबू. जवळच्या फिजिओकडे सुरुवात केली. पहिले आठ दिवस काहीच फरक नाही, उलट यांची चिडचिड, मला वाटलं चुकलंच आपलं. मग एका सकाळी म्हणाले, "आज पोटरीपर्यंतच आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुढे मांडीपर्यंत, आता फक्त कुल्ल्यात, तेही लांब बसलं तर. गोळी डॉक्टरांनी कमी करत बंद केली. रोज सकाळी तीन किलोमीटर चालतात. सासूबाईंना दुखावलं नाही, शेकायचं काम त्यांच्याकडे दिलंय, गरम पाण्याची पिशवी त्याच भरून देतात. सोमवारपासून आगारात बसून काम. स्टिअरिंगचं महिन्याने बघू म्हणालेत.

करंगळी अजून बधिर आहे. हे राहणार का?

फिजिओताई
वाचून फार बरं वाटलं. नस दाबली गेली की संवेदना सगळ्यांत शेवटी परत येते, काही महिने धरून चला. थोडी बधिरता कायम राहिली तरी गाडी चालवायला ती सहसा आड येत नाही. टाच उचलायची चाचणी मात्र दर रविवारी घ्या, दोन्ही पायांची, आणि आकडा कॅलेंडरवर लिहा.