मदत हवी आहे: रिकव्हरीत ‘नऊ लिहा आणि शिफ्ट करा’ म्हणतात, काय करू?

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली सिस्टर) आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे, ११ वर्षं नोकरी झाली. त्यातली शेवटची चार मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर भूल उतरेपर्यंत पेशंट ठेवतात तिथे. कुठलं ते विचारू नका. मिरजेत दोन गल्ल्या सोडल्या की हॉस्पिटल लागतं, ओळखायला जाल तर दमाल. पेशंटचे तपशीलही बदलले आहेत.

आमची रिकव्हरी म्हणजे ओटीच्या दाराला लागून तीन बेड, दोन मॉनिटर, एक सक्शन आणि मी. दुपारी दोननंतर दुसरी सिस्टर वॉर्डात जाते. राहते मी आणि मावशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भुलेतून बाहेर येणाऱ्या पेशंटला आम्ही आल्ड्रेट स्कोअर देतो. हातापायांची हालचाल, श्वास, बीपी, शुद्ध आणि सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण), प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. ९ झाले की वॉर्डात हलवायचं. कागदावर एवढं सोपं आहे.

मागच्या मंगळवारी लिस्टवर सात केसेस होत्या. कर्नाटकातल्या अथणीकडचे एक साठीचे गृहस्थ, दुर्बिणीतून पित्ताशय काढलेलं, पूर्ण भूल. बाहेर आले तेव्हा दुखतंय म्हणून कण्हत होते, भुलेच्या सरांनी आतूनच सांगितलं म्हणून ५० मायक्रोग्रॅम फेंटानिल (अफूवर्गातलं वेदनाशामक) दिलं. दहा मिनिटांत शांत झाले. मास्कने ५ लिटर ऑक्सिजन चालू, मॉनिटरवर ९९. मी “बाबा, डोळे उघडा” म्हटलं, काही नाही. मग आठवलं, यांना मराठी येत नाही. कानडीत “कण्ण तेगीरी” म्हटल्यावर उघडले, पण लगेच मिटले. म्हणजे शुद्धीचा १. ऑक्सिजन लावून ९९ म्हणजे सॅच्युरेशनचाही १. हातपाय, श्वास, बीपी पूर्ण धरले तरी ८.

तेवढ्यात ओटीच्या इनचार्ज सिस्टर आल्या. “पुढची केस टेबलवर खोळंबलीय, बेड रिकामा करा. नऊ लिहा आणि पाठवा, वॉर्डात बघतील.” मी म्हटलं, अजून पेंगतायत. “सगळेच पेंगतात.”

मी ९ लिहिलं. हे टाइप करताना लाज वाटतेय, पण लिहिलं.

ट्रॉलीवर ऑक्सिजनचा सिलिंडर होता, तो उघडायची चावी नव्हती. (चावी कधीच नसते. शेवटची कुणी पाहिली यावर आमच्याकडे संशोधन चालू आहे.) मास्क काढला आणि मामांनी ट्रॉली लिफ्टमध्ये घातली. आमची लिफ्ट दोन मजले जायला एवढा वेळ घेते की तोवर पान लावून व्हावं. बाबा घोरत होते. मग घोरणं थांबलं. मामा म्हणाले, “झोपले बघा निवांत.” छातीकडे बघितलं तर हलत नव्हती. कोविडपासून माझ्या खिशात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असतं, ते लावलं: ८१. दोन्ही हातांनी जबडा पुढे ओढला आणि कानात ओरडले, “उसिर तगोरी! उसिर तगोरी!” (श्वास घ्या!) एक मोठा श्वास घेतला त्यांनी, मग पुन्हा थांबले. लिफ्टचं दार उघडेपर्यंत मी तेच करत होते. परत खाली आणलं, अंबू बॅगेने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास दिला, सरांनी फेंटानिलवरचा उतारा, नॅलॉक्सोन, थोडं थोडं करून दिलं. बाबा वाचले, तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले. जाताना त्यांच्या सुनेने मला पेढा दिला. तो खाल्ला नाही मी, मावशींना दिला.

नंतर कुणी काही लिहिलं नाही. “झालं ना नीट, विषय संपला.” आणि शुक्रवारपासून नवीन पद्धत: स्कोअरचा रकाना आधीच ९ भरून येतो, मी फक्त सही करायची. मी नाही म्हटलं तर ‘केसेस लेट करते’ म्हणून मेमो देऊ म्हणाल्या.

माझे प्रश्न: नाही कसं म्हणायचं, की नोकरीही राहील? नोंद कशी करायची? आणि उद्या काही झालं तर नोंदणीवर येईल ना? घरी सांगितलं तर नवरा म्हणतो वॉर्ड मागून घे. पण मला रिकव्हरीच आवडते. माणूस डोळे उघडून पहिलं तोंड आपलं बघतो, ते वॉर्डात नाही मिळत.

प्रतिसाद: भूलवाला

सिस्टर, मी सांगलीत भूल देतो. आधी हे, की तुम्ही पेशंट वाचवलात. आता कान धरतो. मास्कवरचा ९९ हा फसवा आकडा आहे. ऑक्सिजन चालू असताना श्वास निम्म्यावर आला तरी सॅच्युरेशन बराच वेळ छान दिसतं, आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पेशंट आणखी पेंगतो. म्हणून हलवण्याआधी मास्क काढून साध्या हवेवर बघायचं, आणि श्वास मिनिटभर घड्याळ लावून मोजायचे. दुसरं, रिकव्हरीत गोंगाट असतो, दुखत असतं, तुम्ही हाका मारता, म्हणून पेशंट श्वास घेत राहतो. लिफ्टमध्ये शांतता झाली की अफूवर्गातलं औषध डोकं वर काढतं. तुमच्या बाबांचं नेमकं हेच झालं.

नॅलॉक्सोन दिलेला पेशंट तर लगेच अजिबात हलवू नका. त्याचा असर अर्ध्या-पाऊण तासात ओसरू लागतो, मूळ औषध अंगात उरलं असेल तर श्वास परत मंदावतो.

आणि शिफ्टचा निर्णय इनचार्ज सिस्टरांचा नाहीच, भूलतज्ज्ञाचा आहे. तुमच्या सरांना गाठा. सही त्यांची मागा. खरं सांगायचं तर आम्ही लोक पुढच्या केसला जाऊन उभे राहतो आणि मागचा पेशंट तुमच्या गळ्यात टाकतो, तेव्हा थोडा दोष आमचाही.

प्रतिसाद: माहुलीची ताई

साताऱ्यातून. सरकारी नोकरीत ३३ वर्षं काढून रिटायर झाले. बाळ, आधी छापून आलेल्या ९ वर सही करायची नाही. त्यावर एक आडवी रेघ, बाजूला तू मोजलेला आकडा, वेळ, सही. खाडाखोड नाही, पांढरी शाई तर मुळीच नाही. नोट्समध्ये भाष्य करू नकोस, ‘माझ्यावर दबाव आणला’ वगैरे नको. नुसतं लिही: “३.४० वाजता स्कोअर ८, हवेवर सॅच्युरेशन ९०, हाक मारल्यावर डोळे उघडतात. डॉक्टरांना फोनवर कळवले. त्यांनी थांबण्यास सांगितले.” बस.

मंगळवारचं आता फाइलमध्ये मागे जाऊन भरू नकोस. घटनेचा वेगळा अहवाल आजची तारीख घालून मेट्रनना दे, तू ९ लिहिलंस हेही त्यात येऊ दे, आणि पोच घे.

इनचार्जशी सगळ्यांसमोर भांडू नकोस. तिलाही वरून कुणीतरी टोचतंय.

प्रतिसाद: कायद्याचं_बोला

नोंदणीबद्दल: महाराष्ट्र नर्सेस ॲक्ट, १९६६ प्रमाणे गैरवर्तनाच्या तक्रारीची चौकशी कौन्सिल करू शकते. खोटी नोंद ही तुमच्या सहीची असते, सांगणाऱ्याची नसते. नातेवाइकांनी रेकॉर्डची प्रत मागितली की ७२ तासांत द्यावी लागते, आणि तिथे मॉनिटरचा चार्ट आणि तुमचा ९ शेजारी-शेजारी दिसतील. हॉस्पिटलला एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) असेल किंवा हवं असेल तर आणखी सोपं: रिकव्हरीतून हलवण्याचे निकष ठरवून ते पाळावेत, हे त्यांच्या मानकांतच आहे. मेट्रनना हे गोड शब्दांत सांगा.

प्रतिसाद: दुबईकर_ब्रदर

ताई, लायसन्स परीक्षा द्या आणि निघा. इथे असलं काही नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

@दुबईकर: दादा, सासूबाईंचं डायलिसिस आणि मुलगा पाचवीत. निघा म्हणणं सोपं आहे.

@भूलवाला सर: ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची मार्गदर्शिका वाचली. स्वतःचा श्वासमार्ग सांभाळता येईपर्यंत एका पेशंटला एक माणूस, आणि हलवण्याजोगा न झालेला एक जरी पेशंट असेल तरी रिकव्हरीत दोघं. वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. प्रिंट काढून ठेवलीय.

काल आमच्या सरांना गाठलं. चिडतील वाटलं होतं. ते गप्प बसले, मग म्हणाले, “त्या दिवशी मी बाहेर यायला पाहिजे होतं.” आजपासून शिफ्टच्या रकान्यात त्यांची सही. दुसऱ्याच केसला पेशंट २५ मिनिटं जास्त ठेवला, सर्जन आरडाओरड करत होते, सरांनी आतून “माझ्या सांगण्यावरून” एवढंच म्हटलं. अहवाल मेट्रनना दिला, पोच मिळाली, उत्तर नाही. इनचार्ज बोलत नाहीत माझ्याशी. डबाही वेगळा खातात. दुपारची दुसरी सिस्टर मिळायची काही चिन्हं नाहीत.

सिलिंडरची चावी मात्र बँडेजने ट्रॉलीला बांधून टाकलीय, सात गाठी मारून.

कुणाला कानडी येतं का? ‘खोकून दाखवा’ला काय म्हणतात?

प्रतिसाद: चिक्कोडीचा_जावई

“केम्म्री”. बायकोला विचारून सांगतोय. जोरात म्हणा, म्हातारी माणसं हळू बोललेलं ऐकत नाहीत.

प्रतिसाद: धागाकर्ती

आभार. भिंतीवर लिहून लावते, उद्या अथणीच्या दोन केसेस आहेत.