एकटा, ऐनवेळी निघणारा माणूस आणि हॉलिडे मेंबरशिप: कालच्या सल्ल्याला माझा विरोध

सोमवारसुट्टी

काल इथल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं की वर्षात चार-पाच वेळा बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं हॉलिडे मेंबरशिप (एकदाच मोठी रक्कम भरायची, मग पंचवीस वर्षं दर वर्षी कंपनीच्या रिसॉर्टमध्ये सात रात्री, वर वार्षिक फी) घेतलीच पाहिजे, हॉटेलचं भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. तिथवर मी गप्प होतो. पण खाली गडहिंग्लजच्या एका पोरानं विचारलं, "मी एकटाच फिरतो, शुक्रवारी रात्री ठरवतो आणि शनिवारी पहाटे निघतो, मला उपयोग होईल का?" त्याला उत्तर मिळालं, "तुझ्यासारख्यासाठीच तर आहे ती!" हे वाचून मला राहवेना.

मी तसाच फिरतो. शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, सुट्टी सोमवारी. रविवारी दुपारी माल गाडीत चढला की मगच कळतं, जायला मिळणार का नाही. मिळालं तर पाठीवर बॅग आणि थेट कोल्हापूरचा सीबीएस स्टँड. गणपतीपुळ्याची गाडी गेली असेल तर मालवणची, तीही नसेल तर बेळगाव. गेल्या वर्षी अशा २२ रात्री काढल्या. खोलीभाडं सरासरी अकराशे, म्हणजे वर्षाचे २४ हजार २००. वहीत सगळं लिहिलेलं आहे.

शनिवारी अडीच हजार सांगणारा मालक रविवारी संध्याकाळी बाराशेत खोली देतो, कारण गर्दी परतलेली असते आणि खोली रिकामी राहिली तर त्याचंच नुकसान. ऐनवेळी जाणाऱ्याची सगळी ताकद यात आहे. मेंबरशिपमध्ये नेमकं उलटं होतं. पैसे आधी भरलेले, तारीख काही महिने आधी पकडायची, कुठल्या हंगामात जायचं तेही घेतलेल्या रंगाच्या योजनेनुसार ठरलेलं, आणि वर्षाला सात रात्री. दोन मोठी माणसं आणि दोन पोरं धरून आखलेल्या खोलीत मी एकटा झोपणार आणि वार्षिक फी मात्र पूर्ण भरणार.

अजून एक सांगतो. मॉलमध्ये कूपन भरलं म्हणून मला एकदा फोन आला. "मिसेसना घेऊन या, दोघं असाल तरच गिफ्ट." मी म्हटलं, लग्न झालेलं नाही. पुढच्या वाक्याला फोन बंद. विकणाऱ्यालाच जो माणूस नको आहे, त्याला आपण ही वस्तू का घ्यायला लावतो?

ताराबाईपार्क_जुना

ते ज्येष्ठ मीच. मी २००९ साली मेंबर झालो, अजून २०३४ पर्यंत आहे. मुन्नार, कूर्ग, मनाली, दोन वेळा गोवा. मुलं त्या स्विमिंग पुलात पोहायला शिकली. तेव्हा जी खोली तीन हजाराला होती ती आज आठ-नऊ हजाराला आहे. मी मात्र जुन्या भावात राहतो. तुम्ही अकराशेच्या लॉजशी तुलना करता, ती चुकीची आहे. तसल्या चादरीवर मी बायकोला झोपवणार नाही.

आणि ऐनवेळी मिळत नाही हेही खोटं. मागच्या ऑगस्टमध्ये बुधवारी फोन केला, शुक्रवारी महाबळेश्वरला खोली मिळाली.

हिशेबनीस

काका, "जुन्या भावात राहतो" हे वाक्य मी माझ्या प्रत्येक अशिलाकडून ऐकतो. वार्षिक फी २००९ ची आहे का आजची? ती दर वर्षी चढते, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी.

समजा आज कुणी चार लाख भरले. तेच पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २८ हजार व्याज आलं असतं आणि मुद्दल जागेवर राहिलं असतं. फी जीएसटीसकट वीस हजार धरा. झाले ४८ हजार. भागिले सात रात्री, म्हणजे एका रात्रीला सहा हजार आठशेच्या पुढे. यात जेवण नाही, आणि रिसॉर्टच्या आवारात साध्या थाळीलाही काय पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चौघांचं कुटुंब असेल, मे महिन्यात जाणार असेल, तर हा आकडा पटू शकतो. एकट्याला पटणं शक्य नाही.

ऑगस्टचं म्हणाल तर महाबळेश्वर ऑगस्टमध्ये पावसानं धुऊन निघतं. तेव्हा कुणालाही खोली मिळते, मेंबर नसला तरी.

ताराबाईपार्क_जुना

सगळ्या गोष्टी व्याजात मोजल्या तर माणसानं घराबाहेर पडूच नये. पैसे भरलेले होते म्हणून आम्ही दर वर्षी गेलो. नाहीतर दुकान सोडून मी कधीच हललो नसतो. हे तुमच्या कॅल्क्युलेटरमध्ये येत नाही.

खडू_फळा

पैसे भरलेले असूनही जाता येत नाही, त्याचं सांगतो. निवृत्तीनंतर मीही एक योजना घेतली. २०१९ च्या ऑगस्टमधला आठवडा धरला होता, चार महिने आधी. पंचगंगा वर आली, शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला, कोल्हापुरातून बाहेर पडायला वाटच उरली नाही. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी होतं आणि मी गच्चीवरून फोन करत होतो की बुकिंग पुढं ढकला. पलीकडून एकच उत्तर: रद्द करायची मुदत संपली, आठवडा वापरला असं धरलं जाईल. सारं गाव बातम्यांत बघत होतं, तरी त्यांना पुरावा हवा होता. २०२१ च्या जुलैत परत महापूर, त्या वर्षी मी धरलंच नाही काही. फी मात्र दोन्ही वर्षं भरली.

पावसाळ्यात कोल्हापूरकरानं महिनाभर आधी तारीख ठरवूच नये, या मताचा मी झालो आहे.

ताराराणी_चौकातून

सगळे पुरुष खोलीभाड्यावर बोलताय, म्हणून मध्ये पडते. मी ३४ वर्षांची, एकटी फिरते, ऐनवेळीच फिरते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर तर जास्तच. सोमवारसुट्टी म्हणतात तसं "मालक बाराशेत खोली देतो" हे माझ्या बाबतीत घडत नाही. मला खोलीच देत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी कोकणात एका गावी संध्याकाळी सात वाजता उतरले. पहिल्या लॉजवर विचारलं, "मागून कोण येणार आहे?" कुणी नाही म्हटल्यावर खोल्या फुल्ल. दुसऱ्या ठिकाणी आधार कार्ड बघून "घरच्यांचा नंबर द्या, आम्ही विचारून घेतो". मी शिक्षिका आहे, माझ्या वर्गात साठ मुलं आहेत, आणि मला रात्री राहायला माझ्या भावाची परवानगी मागितली जाते. तिसऱ्या लॉजनं नुसता हात हलवला. शेवटी एका खानावळवाल्या मावशींनी माळ्यावर जागा दिली, पैसेही घेतले नाहीत.

त्यानंतर मी मेंबरशिप घेतली. महाग आहे, मला माहीत आहे. पण मेंबर नंबर सांगितला की कुणी "मागून कोण" असं विचारत नाही.

घाटवाट

ताई, बाईमाणसाचं सोडा, मला बी न्हाई देत. एका देवस्थानाच्या भक्तनिवासात रात्री अकराला गेलो, पावसात भिजलेलो. "एकट्याला खोली नाही, असा नियम आहे." बाहेर बाकड्यावर झोपलो बघा. देवाच्या दारात एकट्या माणसाला जागा न्हाई, मग कुणाला हाय?

किनाऱ्यावरच्या_खोल्या

माझ्या मामांच्या सहा खोल्या आहेत समुद्राजवळ, सीझनला मीच काउंटर बघतो. शिव्या घालण्याआधी आमचं ऐका. आमच्या शेजारच्या लॉजमध्ये एकट्या आलेल्या माणसानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं. मालक आठ महिने पोलीस स्टेशन आणि कोर्टाच्या चकरा मारत होता. तेव्हापासून गावातले सगळे बिचकतात. यात वाईट हेतू नाही, भीती आहे.

ताराराणी_चौकातून

तुमची भीती मला समजते. पण ती दूर करायला तुम्ही काय केलंत? नोंदवही आहे, ओळखपत्र घेता, दारात कॅमेरा आहे. एकट्या माणसाला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही, तरी काउंटरवर "पोलिसांचा नियम आहे" असं धडधडीत सांगितलं जातं. रात्री साडेनऊला अनोळखी गावात एका बाईला रस्त्यावर पाठवणं ही काळजी नव्हे, अंग काढून घेणं आहे. त्या रात्री मला काही झालं असतं, तर तुमच्या गावातल्या कुणाचं नाव कागदावर आलं नसतं, एवढीच तुमची सोय.

किनाऱ्यावरच्या_खोल्या

तुम्ही सगळ्यांना एका मापानं मोजताय. आम्ही बायकांना कधी परत पाठवलेलं नाही. पुरुषांना पाठवलंय, ते मान्य करतो.

घाटवाट

म्हणजे माझ्यासारख्यालाच पाठवलं की. घर सोडून फिरणारा प्रत्येक एकटा माणूस मरायला आलेला नसतो, भावा. आमच्यासाठी ते चार दिवस म्हणजेच जगणं असतंय. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढायचा, चार दिवसांचा न्हाईतर सात दिवसांचा, आणि दिसंल त्या गाडीत बसायचं. १९८८ पासनं एसटी एकट्या माणसाला म्हणतीय, जा कुठं बी. आणि तुम्ही दारात अडवताय.

हिशेबनीस

मूळ प्रश्न बाजूला पडला. ताई, एक विचारतो, राग मानू नका. मेंबरशिप घेतल्यावर ऐनवेळी किती वेळा खोली मिळाली?

ताराराणी_चौकातून

राग येतोय, पण सांगते. दोन वर्षांत अकरा वेळा फोन केला. चार वेळा मिळाली. त्यातली एकही दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीतली नाही, आणि शाळेमुळे मला मोठी सुट्टी तेव्हाच असते. उरलेल्या सात वेळा मी घरीच बसले, किंवा मैत्रिणीकडे सांगलीला गेले.

सोमवारसुट्टी

ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. मी "मालक बाराशेत खोली देतो" असं लिहिलं, ते मी पुरुष आहे आणि अंगावर कंपनीचा शर्ट असतो म्हणून घडतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या वहीतला सरासरी अकराशेचा आकडा तुमच्यासाठी खरा नाही. एवढं मी मागं घेतो.

पण बाकीचं नाही. तुम्हाला रात्री सुरक्षित दार हवं होतं. त्यासाठी पंचवीस वर्षांचा करार करावा लागला, आणि ते दारही अकरातून चार वेळाच उघडलं. हे दार कुठंही एका रात्रीच्या पैशात उघडायला हवं. एमटीडीसीची निवासं आहेत गणपतीपुळे, तारकर्लीला. सरकारी आहेत, तिथं तरी "मागून कोण" विचारायचा कुणाला काय अधिकार?

ताराबाईपार्क_जुना

माझ्या मुलीला पुण्यात नोकरी लागली आहे. तीही एकटी फिरायचं म्हणते. वरचं सगळं वाचून बायकोनं मला विचारलं, तिला आपली मेंबरशिप वापरता येईल ना? येईल, पण पाहुणा म्हणून नोंद करावी लागते, आणि आमच्या योजनेत त्याचे वेगळे पैसे पडतात.

ठीक आहे. गडहिंग्लजच्या त्या मुलाला मी जे म्हणालो ते घाईत म्हणालो. एकट्यासाठी नाही, ऐनवेळीसाठी तर नाहीच. कुटुंबासाठी मात्र माझं मत बदललेलं नाही, आणि कुणी बदलायलाही येऊ नये. कुणाला घ्यायचीच असेल तर जुन्या मेंबरकडून हस्तांतर करून घ्या, नवी घेऊ नका.

हिशेबनीस

काका, ती जुनी निम्म्याहून कमी किमतीत मिळते, यातच तिची खरी किंमत कळते. वर हस्तांतराची फी, आणि उरलेली वर्षं नीट मोजून घ्यायची.

गडहिंग्लजचा_मी

ज्याच्यावरून हे सगळं चाललंय तो मी. आधी बोलायला लाज वाटली. परवा शनिवारी एका हॉटेलात मेंबरशिप विकणाऱ्या कंपनीचा कार्यक्रम होता. मित्र आणि वहिनींबरोबर गेलो होतो. साडेतीन तास बसवलं. "आजच्या दिवसापुरती ऑफर", असं म्हणत तीन वेगवेगळी माणसं टेबलावर आली. मी दहा हजार कार्डानं भरलेत, बाकीचे हप्ते पुढच्या महिन्यापासून. काय करू?

हिशेबनीस

आज, आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर ईमेल कर. युरोपात असा करार १४ दिवसांत कारण न देता मोडता येतो, तिथं तसा नियम आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे अशा मेंबरशिपसाठी, वेगळा कायदा नाही, त्यामुळे तुझ्या करारात रद्द करायची जी मुदत छापली असेल तीच तुझी. बहुतेक शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. फोनवर बोलू नकोस, ते मुदत संपेपर्यंत गोड बोलतील. लिहून पाठव: करार रद्द, भरलेली रक्कम परत, पुढचे हप्ते कापायला परवानगी नाही. बँकेलाही तेच कळव. छापील प्रत स्पीड पोस्टानं.

नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आता तू जिथं राहतोस तिथंच तक्रार करता येते, त्यांच्या मुख्य कार्यालयाच्या गावी हेलपाटे नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दोन वर्षांच्या आत करायची.

खडू_फळा

आणि बाळा, लाज वाटून घेऊ नकोस. मी ३४ वर्षं गणित शिकवलं आणि त्याच टेबलावर सही केली.

गडहिंग्लजचा_मी

करारात दहा दिवस लिहिलेत सर. आज तिसरा. ईमेल गेला ७ वाजून ४० मिनिटांनी. पोस्ट उद्या सकाळी.

ताराराणी_चौकातून

मी आज तारकर्ली आणि मालवणात पाच ठिकाणी फोन केले. सरळ विचारलं, "बाई एकटी आहे, उद्या येतेय, खोली मिळेल का?" तीन ठिकाणी हो म्हणाले, एकानं घरच्यांचा नंबर मागितला, एकानं फोन ठेवला. त्या तिघांचे भाव दीड हजाराच्या आत आहेत. रत्नागिरी आणि गणपतीपुळ्याला उद्या शाळा सुटल्यावर फोन करते.

किनाऱ्यावरच्या_खोल्या

त्या पाचांत आम्ही नव्हतो. आम्हालाही विचारा. पुरुष असला तरी विचारा, घाटवाट. मी मामांशी बोललोय.

घाटवाट

रविवारी येतो. रात्री उशीर हुईल, गगनबावड्यावरनं गाडी सापडंल तशी.