एलिट क्वार्टरबॅक कुणाला म्हणायचं? अंगठ्या मोजणं बंद करा

धागाकर्ता
जानेवारीत एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचे, प्लेऑफ (बाद फेरी) सुरू झाले की तोच वाद पेटतो: ज्या क्वार्टरबॅकच्या (पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) बोटात सुपर बोलची, म्हणजे अंतिम सामना जिंकल्याची, अंगठी नाही, तो एलिट (अव्वल दर्जाचा) कसा? मला हा निकष मुळातच पटत नाही. क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरकडे २००० च्या सीझनची अंगठी आहे, कारण बाल्टिमोर रेव्हन्सच्या डिफेन्सने १६ सामन्यांत मिळून फक्त १६५ गुण दिले होते. डॅन मरिनोने १९८४ मध्ये ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकले, त्याच्याकडे एकही अंगठी नाही. डिल्फर मरिनोपेक्षा वरचढ, असं म्हणायला कुणाची जीभ धजावेल?

माझा निकष थर्ड डाउनचा, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याचा. पल्ला लांबचा, पास येणार हे अख्ख्या स्टेडियमला ठाऊक, आणि धिप्पाड गडी अंगावर धावून येतायत. फेब्रुवारी २०२० च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्स चौथ्या क्वार्टरमध्ये १०-२० ने मागे होते. थर्ड अँड १५, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात १५ यार्ड हवे. त्यांच्या क्वार्टरबॅकची, पॅट्रिक महोम्सची, तोवर दोन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) झालेली. दुसरा कुणी असता तर जवळचा सुरक्षित पास देऊन मोकळा झाला असता. हा मागे मागे सरत गेला, सहकारी टायरिक हिलचा लांबचा रूट (पास झेलायची ठरलेली धाव) पूर्ण होईपर्यंत थांबला आणि अंगावर धडक बसता बसता चेंडू सोडला. ४४ यार्ड! तिथून सामना फिरला, ३१-२०. आधीच्या चुका डोक्यात न ठेवता असं थांबता येणं, हीच माझ्या लेखी एलिटपणाची खूण.

पॅट्रियट्सवाला
पूर्ण असहमत. नियमित सीझनमध्ये आकड्यांचे डोंगर रचणारे पुष्कळ झाले. २०१३ मध्ये डेन्व्हरच्या पेटन मॅनिंगने ५५ टचडाउन पास फेकले, आजही तो विक्रम आहे. सुपर बोलमध्ये काय झालं? सिअ‍ॅटलकडून ४३-८. उलट पॅट्रियट्सचा टॉम ब्रेडी बघा. २००० च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) १९९ वा, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये अटलांटाविरुद्ध ३-२८ अशा पिछाडीवरून ओव्हरटाइममध्ये ३४-२८. शेवटी जिंकणं हेच तर त्याचं काम आहे.

धागाकर्ता
मॅनिंगच्या त्या सामन्याचा पहिलाच स्नॅप (सेंटर या खेळाडूने क्वार्टरबॅककडे चेंडू मागे देणं) आठवा. गोंगाटात इशारे बदलायला तो पुढे सरकला, तेवढ्यात सेंटरने चेंडू मागे टाकला, तो याच्या बाजूने थेट एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात). सेफ्टी, दोन गुण गेले. याचं खापर त्याच्या हातावर कसं फोडायचं? आणि २०१५ च्या सीझनमध्ये हाच मॅनिंग थकलेला, ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन, तरी डेन्व्हरच्या डिफेन्सने त्याला अंगठी मिळवून दिली. तुमच्या हिशेबाने तो २०१३ पेक्षा २०१५ मध्ये मोठा ठरतो.

बफेलोकर
धागाकर्त्याशी सहमत. जानेवारी २०२२, बफेलो विरुद्ध कॅन्सस सिटी. आमच्या क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनने ४ टचडाउन पास दिले, एकही इंटरसेप्शन नाही. १३ सेकंद उरलेले असताना ३६-३३ ने पुढे नेऊन तो बाकावर बसला. तेवढ्यात आमच्या डिफेन्सने फील्ड गोल (तीन गुणांची किक) करू दिला, ओव्हरटाइमचा टॉस हरलो, त्यांच्या पहिल्याच टचडाउनवर सामना संपला आणि अ‍ॅलनच्या हातात चेंडू परत आलाच नाही. ३६-४२. पुढे लीगला प्लेऑफच्या ओव्हरटाइमचा नियमच बदलावा लागला. तो सामना आठवला की आजही संताप होतो. त्या दिवशी अ‍ॅलनने आणखी काय करायचं होतं?

लाइनमन
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतायत: ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारे पुढचे पाच जण. तोच महोम्स वर्षभराने सुपर बोलमध्ये टँपा बेसमोर उभा राहिला. दोन्ही नेहमीचे टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू) जखमी होऊन बाहेर. ३१-९, चीफ्सचा एकही टचडाउन नाही. मग थर्ड डाउनची परीक्षा क्वार्टरबॅकची झाली की त्याच्या पुढच्या पाच जणांची?

धागाकर्ता
रास्त मुद्दा, पण मी तर तोच सामना पुरावा म्हणून देईन. चौथ्या क्वार्टरमध्ये जिवाच्या आकांताने पळत, पडता पडता जमिनीला जवळजवळ समांतर होऊन त्याने एंड झोनमध्ये पास फेकला. तो सहकाऱ्याच्या हेल्मेटवर आदळला, झेलला गेला नाही. स्कोअरबोर्डवर शून्य, पण असा पास फेकणारे लीगमध्ये किती आहेत?

पॅट्रियट्सवाला
पास सुंदरच होता. पण त्या सामन्यात पलीकडे कोण होतं तेही लिहा. ४३ वर्षांचा ब्रेडी, नवा संघ, नवा कोच, नवी लाइन. ३ टचडाउन पास, इंटरसेप्शन एकही नाही, सातवी अंगठी. पॅट्रियट्सच्या कोच बेलिचिकमुळे जिंकतो म्हणणाऱ्यांना त्याने पहिल्याच सीझनमध्ये उत्तर दिलं. संघ बदलूनही निकाल तोच येत असेल, तर त्याचं श्रेय क्वार्टरबॅकला द्यायचं नाही तर कुणाला?